काही नाही, काका

ही सहावी ओळ.
इथे मी मधुमिलन चौकातल्या मोठ्या लॅबच्या सर्व्हरला विचारते:
पेशंट नंबर अमुक, रिपोर्ट दे.
आणि सातव्या ओळीत
‘उत्तर’ नावाचं व्हेरिएबल उघडून
जे असेल ते पानावर छापते.

आधी सहा, मग सात.
यात चुकण्यासारखं काय आहे?

जुन्या पद्धतीत सहावी ओळ उत्तर घेऊनच परतायची.
तोवर सगळं सेंटर ताटकळायचं,
मुळ्ये डॉक्टर म्हणायचे, पान लवकर उघडायला हवं, भिया,
लोक उपाशीपोटी येतात.
म्हणून सोमवारी रात्री मी नवी पद्धत बसवली.
आता सहावी ओळ फक्त निघते.
रिकामा डबा सातवीच्या हातात ठेवते,
चपला सरकवते,
आणि तिची वाट न बघता
सातवी झाकण उघडते.

मंगळवारी सव्वाअकराला
रामबागेतल्या आमच्या खिडकीशी पागनीस उभे होते.
कापडी पिशवी, पिशवीत बायकोची फाईल.
पानावर नाव बरोबर, वय बरोबर,
‘निदान’पुढे कोरी जागा.

आफरीन आमच्या काउंटरवरच मराठी शिकली.
‘अभी कुछ नहीं आया’ तिच्या मनात होतं.
घाईत ‘अभी’ मागे राहिलं, आणि ‘आया’ही.
ती म्हणाली,
काही नाही, काका.

पागनिसांनी खिडकीच्या गजाला हात लावला.
दोनदा विचारलं, काही नाही?
काही नाही.
मग बाहेर गेले, आणि कोपऱ्यावरून
सगळ्या स्टाफला पुरतील इतके पोहे-जिलबी घेऊन आले.
जीरावन वेगळं, पुडीत.
मीही खाल्ली.
दुसरी जिलबीही खाल्ली.

दुपारी लॉग उघडला, सहज, दुसऱ्याच कशासाठी.
प्रश्न गेला: अकरा चौदा, सात सेकंद.
पान छापलं: अकरा चौदा, सात सेकंद.
उत्तर आलं: अकरा चौदा, नऊ सेकंद.

म्हणजे ‘उत्तर’ भरलं होतं.
काठोकाठ, सतरा शब्द.
फक्त तेव्हा वाचणारी ओळ
वाचून, पान पाठवून, मोकळी झाली होती.
त्या सतरातला एक शब्द मला कळला नाही,
तो मी शोधून पाहिला.
शोधायला नको होता.

फोन मुळ्ये डॉक्टरांनी केला, साडेचारला.
मी शेजारच्या खोलीत कीबोर्डवर बोटं ठेवून बसले होते.
भिंतीतून शब्द येत नव्हते,
नुसती डॉक्टरांची लय:
बोलणं, मग बराच वेळ नाही,
मग परत बोलणं.

दुरुस्ती पाच मिनिटांची.
सहाव्या ओळीच्या पुढे एक शब्द: थांब.
आणि डबा रिकामा असेल
तर कोरी जागा छापायची नाही,
लिहायचं: अजून आलेलं नाही.
हे दोन शब्दांनी लांबतं म्हणून
पहिल्यांदा मी गाळलं होतं.

आठवड्याने पागनीस बिलाला आले.
मी बाहेर गेले, माफी तोंडाशी आणून.
ते म्हणाले, त्या दुपारी आम्ही राजवाड्याला गेलो होतो.
हिने बांगड्या घेतल्या, हिरव्या, पाऊण तास घासाघीस करून.
नाहीतर घेतल्या नसत्या.
एवढंच. मग पावती मागितली.
माफी मी मागितली की नाही,
मला नीट आठवत नाही.

आज सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गेली,
शटर वर झालं,
पहिल्या नंबरची बाई खिडकीशी आली.
पान उघडलं.
आफरीनने एकेक अक्षर लावून वाचलं:
अजून, आलेलं, नाही.
बसा ना मावशी.

बाई बसली.
मी माझ्या स्क्रीनवर सहाव्या ओळीकडे बघत होते.
ती गेली होती.